कोणत्या जमिनीवर काय असावें?

आपल्या देशावरील खेड्यांत गांवच्या जमिनीचे पूर्वीं दोन मोठे भाग मानीत असत. एक काळी व दुसरी पांढरी. काळी म्हणजे पेऱ्याची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते, म्हणून तिच्यावर घर उभें केलें तर भिंतींस तडे जातात. परंतु तीच माती ओल धरून ठेवते, म्हणून रब्बीची ज्वारी केवळ त्या ओलीवर पिकते. घरें पांढरीवर, तींही बहुधा ओढ्याच्या पुरापासून चार हात उंच. डोंगराचा उतार गुरांच्या चराईस. ओढ्याकांठची जागा बाभळी-करंजांस. अशी ही वांटणी कोणीं कागदावर आंखून दिलेली नव्हती. ज्यानें चुकीच्या जागीं घर बांधलें त्याचें घर गेलें, व पुढच्या पिढीनें ती जागा सोडली. अशा रीतीनें पुष्कळ नुकसान सोसून तें शहाणपण आलें होतें.

हल्लीं जमिनीचा उपयोग ठरविणें हें एक स्वतंत्र शास्त्र झालें आहे. गांवाच्या अथवा शहराच्या हद्दींतील कोणत्या जमिनीवर शेती, कोणत्या जमिनीवर घरें, कोठें वन, कोठें कारखाना, आणि कोणती जमीन मुद्दाम मोकळी, हें अगोदर ठरवून त्याप्रमाणें वागणें, एवढाच त्याचा अर्थ. विषय रुक्ष वाटेल. परंतु हवामान बदलत असतां आपलें गांव तगेल कीं नाहीं, हें बऱ्याच अंशीं याच रुक्ष विषयावर अवलंबून आहे. आणि पालकांस तर घर बांधतांना तो थेट येऊन भिडतो.

प्रथम थोडें गणित करूं. विद्यार्थ्यांनीं वही घ्यावी. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, अर्थात् सुमारें अडीच एकर. तिच्यावर १ मिलिमीटर पाऊस पडला तर १०,००० लिटर पाणी पडतें. आतां १,००० हेक्टरांचें एक गांव घ्या व त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पाडा. किती पाणी झालें? शंभर कोटी लिटर. आमच्या नगर जिल्ह्याच्या (शासनानें आतां ज्यास अहिल्यानगर हें नांव दिलें आहे) कोरड्या भागांत वर्षाकांठीं चारशें-पांचशें मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे ज्या गांवास चैत्र-वैशाखांत टँकरची वाट पाहावी लागते, त्या गांवावरही वर्षास चारशें कोटी लिटर पाणी पडून गेलेलें असतें. मग तें जातें कोठें?

कांहीं वाफ होऊन उडतें, कांहीं वाहून जातें व कांहीं मुरतें. मुरणाऱ्या पाण्याचा हिस्सा आपल्याकडे मुळांतच थोडा. दख्खनचा काळा पाषाण स्पंजासारखा सच्छिद्र नाहीं. पाणी सांठतें तें त्याच्या वरच्या मुरुमांत व खडकाच्या भेगांत. ही सांठवण उथळ असते, लवकर भरते व लवकर रिकामी होते. त्यांतून डोंगर उघडाबोडका असला, तर पावसाचा थेंब जमिनीवर आपटतो, माती उखडतो, आणि मुरण्यास क्षणाचीही उसंत न मिळतां गढूळ पाणी ओढ्यावाटे निघून जातें. झाडोरा व गवत यांचें मुख्य काम पाऊस 'आणणें' हें नसून आलेल्या पावसास थांबवून धरणें हें आहे. शाळेंतल्या निबंधांत मुलें नेहमीं उलट लिहितात, म्हणून हें मुद्दाम सांगितलें.

आतां हवामानाकडे वळूं. हवा एक अंश सेल्सिअसनें तापली, कीं तींत सुमारें ७ टक्के अधिक बाष्प मावूं शकतें. हें वाढलेलें बाष्प कधीं तरी कोसळतेंच. आणि तें कोसळतें तेव्हां थोड्या तासांत पुष्कळ कोसळतें. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं इ. स. २०१७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणें, मध्य भारतांत विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना इ. स. १९५० ते २०१५ या काळांत सुमारें तिप्पट झाल्या. दोन पावसांमधील उघडीप मात्र लांबते. याचा परिणाम असा, कीं एकाच गांवास एकाच वर्षांत पूर व टंचाई हीं दोन्हीं भोगावीं लागतात. म्हणून जमिनीकडून आतां दोन कामें घ्यावयाचीं आहेत: पाणी धरून ठेवणें व न मावणाऱ्या पाण्यास वाट देणें. पहिल्या कामाचें उदाहरण आमच्याच जिल्ह्यांत आहे.

नगर शहराच्या पश्चिमेस सुमारें १७ किलोमीटरांवर हिवरे बाजार नांवाचें लहान गांव आहे. इ. स. १९७२ च्या दुष्काळानंतर या गांवाची दशा उत्तरोत्तर वाईट होत गेली. डोंगरावरील झाडें सरपणांत गेलीं, पाठोपाठ माती गेली, विहिरी आटल्या, आणि धडधाकट माणसें मजुरीसाठीं बाहेर पडलीं. सरकारी नोकरास शिक्षा म्हणून तेथें बदली देत, असें सांगतात. इ. स. १९८९-९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार हे उच्च शिक्षण घेतलेले तरुण गृहस्थ तेथें सरपंच झाले, व इ. स. १९९४ मध्यें राज्य शासनाच्या आदर्श गांव योजनेंत गांवाचा समावेश झाला. पुढें इ. स. २०२० मध्यें श्री. पवारांस पद्मश्री जाहीर झाली, तेव्हां वर्तमानपत्रांतून गांवाचें कौतुक पुष्कळ झालें. कौतुकांत कार्यपद्धति मात्र झांकून जाते. म्हणून ती येथें जरा सविस्तर पाहूं.

काम डोंगराच्या माथ्यापासून सुरू होऊन पायथ्याकडे आलें. हा क्रम महत्त्वाचा आहे. खालीं आधीं बंधारा बांधला व वरचा उतार उघडाच राहिला, तर दोन-चार पावसाळ्यांत बंधारा गाळानें भरून जातो. माथ्यावर व उतारावर समपातळींत चर खणले. समपातळींत म्हणजे असे, कीं चराच्या एका टोंकाशीं ओतलेलें पाणी दुसऱ्या टोंकाकडे धांवत न सुटतां सर्वत्र सारखें उभें राहील. चराच्या भरावावर झाडें लाविलीं. त्याखालीं शेतांचे बांध घातले, ओढ्यांत लहान लहान बंधारे घातले व पाझर तलाव केले. धांवणारें पाणी चालूं लागलें, चालणारें थांबलें, व थांबलेलें मुरलें. यांत नवलाईचें यंत्र कोठेंही नाहीं. कुदळ, फावडें, पाणसळ व श्रमदान एवढेंच काय तें साहित्य.

परंतु खरें अवघड काम खणण्याचें नसून ठरविण्याचें होतें. गांवानें स्वतःस कांहीं बंधनें घालून घेतलीं. डोंगरावर कुऱ्हाड चालवूं नये. गुरें मोकाट चरावयास सोडूं नयेत; गवत कापून आणावें. शेतीसाठीं विंधन-विहीर घेऊं नये. ऊस व केळी यांसारखीं पाणी पिणारीं पिकें घेऊं नयेत. जमीन गांवाबाहेरच्या माणसास विकूं नये. वरवर पाहतां हे निरनिराळे नियम दिसतात; वस्तुतः कोणत्या जमिनीवर काय असावें व काय नसावें याचाच तो निवाडा आहे. विंधन-विहिरीचा नियम पाहा. साध्या विहिरीस मुरुमांतील पाणी मिळतें, व तें सर्व शेजाऱ्यांच्या सामाईक सांठ्यांतलें असतें. तो सांठा खालावला कीं सर्वांसच कळतें. विंधन-विहीर खडकाच्या खोल भेगांतलें जुनें पाणी उपसते, व एकाचा पंप चालतो तेव्हां दुसऱ्याची विहीर कां आटली हें कोणासही दिसत नाहीं. जें डोळ्यांस दिसत नाहीं त्याची वांटणी करतां येत नाहीं, म्हणून गांवानें तें दारच बंद केलें.

पावसाळा सरला कीं गांवांत पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती मिलिमीटर झाला, विहिरींची पातळी कोठवर आहे, याच्या नोंदी घेऊन ग्रामसभेंत हिशेब होतो. प्रथम माणसांचें पाणी, मग गुरांचें, आणि उरलेल्या पाण्यांत कोणतीं पिकें किती क्षेत्रावर बसतात तें पाहावयाचें. पाऊस कमी झाला असेल त्या वर्षीं रब्बीचें क्षेत्र कमी होतें. वर आपण केलेलें गणित आठवा. तेंच हें गणित, फरक एवढाच कीं येथें उत्तर चुकलें तर विहीर कोरडी पडते. इ. स. २०१२-१३ च्या दुष्काळांत जिल्हाभर टँकर फिरत असतां या गांवास त्याची गरज लागली नाहीं.

येथें एक गोष्ट मोकळेपणानें सांगितली पाहिजे, कारण भाषणांतून ती बहुधा गाळली जाते. चराईबंदीचा ठराव ऐकण्यास गोड. परंतु ज्याच्या घरीं जमीन नाहीं व चार शेळ्या हाच संसार, त्याच्या पोटावर तो सर्वांआधीं येतो. मोठ्या बागाईतदाराच्या विहिरीस पाणी वाढतें. शेळीवाल्यास काय वाढतें? ज्या गांवांनीं या प्रश्नाचें उत्तर दिलें नाहीं, तेथें चोरून चराई झाली, भांडणें झालीं व झाडें गेलीं. हिवरे बाजारास कापून नेण्यास गवत मिळूं लागलें, गुरें गोठ्यांत बांधून दुधाचा धंदा वाढला, व शिवारांत मजुरी मिळूं लागल्यामुळें बाहेर गेलेलीं पुष्कळ कुटुंबें परत आलीं. म्हणून बंधन टिकलें. गांव लहान आहे, व एकाच सरपंचाचा शब्द तेथें वर्षानुवर्षें मानला गेला, हेंही खरेंच. तेव्हां इतरांस ही पद्धति जशीच्या तशी उचलतां येईल असें मी म्हणत नाहीं. ताळेबंद मात्र कोणत्याही गांवास मांडतां येईल. त्यास पर्जन्यमापक व बेरीज-वजाबाकी पुरते.

आतां दुसरें काम, म्हणजे पाण्यास वाट देणें. येथें आपल्या राज्याचा इतिहास तितका अभिमानास्पद नाहीं. दिनांक २६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशीं कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटर. विहार व पवई येथील तलावांच्या सांडव्यांतून निघून माहीमच्या खाडीस मिळणारी मिठी ही सुमारें १८ किलोमीटरांची नदी त्या दिवशीं घरांत शिरली. 'शिरली' असें आपण म्हणतों खरें. पण तिच्या पात्रांत भराव घालून रस्ते, इमारती व वस्त्या अगोदर आपणच शिरविल्या होत्या. विमानतळाच्या धांवपट्टीसाठीं तिला काटकोनांत वळविलें होतें, खाडीच्या मुखाजवळील दलदल भरून काढली होती, व पुराचें पाणी झेलणारीं तिवरांचीं बनें तोडलीं होतीं. शहराचीं जुनीं गटारें तासास २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबानें बांधलेलीं, तेंही ओहोटी असतां. एवढ्या पावसास कोणतेंही शहर पुरें पडलें नसतें, हें मान्य. परंतु नदीचें पात्र व खाडीची दलदल जागेवर असती तर पाण्यास पसरावयास जागा राहिली असती. त्याच वर्षीं मुंबई उच्च न्यायालयानें तिवरांची तोड व त्यांच्या भोंवतालच्या ५० मीटरांतील बांधकाम यांस मनाई केली.

नदीकांठच्या गांवांसाठीं आपल्या राज्यांत एक उपयुक्त नियम आहे. पालकांनीं तो अवश्य समजून घ्यावा. पाटबंधारे खातें नदीच्या दोन्हीं तीरांस दोन रेषा आंखतें. सामान्यतः २५ वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, व १०० वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आंत, म्हणजे नदीच्या बाजूस, घरें नकोत. शेत, बाग, क्रीडांगण चालेल. निळ्या व लाल रेषांमध्यें बांधकाम करावयाचें तर अटी पाळून.

या 'वर्षांतून एकदां' शब्दांनीं मात्र मोठी फसगत होते. 'मागल्या खेपेस महापूर आला, आतां शंभर वर्षें काळजी नाहीं,' असें सुशिक्षित लोकही बोलतात. शंभर वर्षांचा पूर याचा खरा अर्थ असा, कीं तो कोणत्याही एका वर्षीं येण्याचा संभव शंभरांत एक आहे. काल आला म्हणून उद्यांचा संभव घटत नाहीं. नाणें एकदां छापा पडलें म्हणून पुढच्या खेपेस कांटा पडण्यास बांधलेलें नसतें. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हा हिशेब करून पाहावा. निळ्या रेषेवरच्या घरांत दर वर्षीं पूर न येण्याचा संभव ०.९६. तीस वर्षें सतत न येण्याचा संभव म्हणजे ०.९६ चा तिसावा घात, तो सुमारें ०.२९. म्हणजे तीस वर्षांचें कर्ज फिटेपर्यंत त्या घरांत एकदां तरी पाणी येण्याचा संभव १०० त ७० हून अधिक! लाल रेषेवर हाच आंकडा सुमारें २६ येतो. शिवाय हा हिशेब गेल्या काळांतील पावसावरून केलेला. पाऊसच बदलला तर रेषाही बदलली पाहिजे. कोल्हापुरास पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट धरतात. इ. स. २०१९ मध्यें नदी ५० फुटांच्याही पुष्कळ वर गेली, व पुन्हां दोनच वर्षांनीं, इ. स. २०२१ मध्यें, तशीच गेली. दोन पुरांच्या मध्यें लोकांस घराच्या भिंती वाळविण्यासही नीट अवधि मिळाला नाहीं.

डोंगराळ मुलुखांत धोका पाण्याचा नसून चिखलाचा असतो. दिनांक ३० जुलै २०१४ रोजीं पुणें जिल्ह्याच्या आंबेगांव तालुक्यांतील माळीण हें गांव पहांटेनंतर कांहीं क्षणांत डोंगराखालीं गाडलें गेलें व दीडशेंच्या आसपास माणसें दगावलीं. वांचलेल्यांसाठीं जवळच आमडे येथें नवी वस्ती उभारण्यांत आली, ती इ. स. २०१७ मध्यें त्यांच्या ताब्यांत मिळाली. जें स्थलांतर मागाहून करावें लागलें, तें अगोदर करावयाचें तर डोंगराच्या भेगा, उताराचा कोन व मातीचा थर यांची पाहणी करून कोणत्या वाड्या हलवावयाच्या तें ठरवावें लागतें. घर सोडा असें कोणास सांगणें सोपें नाहीं. शेत एका ठिकाणीं व घर दोन कोसांवर, ही गैरसोय सोसणाऱ्यासच ठाऊक.

हें सर्व कोणीं ठरवावयाचें? शहरांपुरता महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा कायदा आहे. त्याप्रमाणें विकास योजनेचा आराखडा प्रसिद्ध होतो, व ठराविक मुदतींत नागरिकांस हरकती व सूचना पाठवितां येतात. ही जाहिरात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यांत बारीक टाइपांत येते, व ज्यांचा ओढा नकाशावरून पुसला गेला ते लोक बहुधा तें पान वाचीत नाहींत. ज्यांचा लाभ आहे ते मात्र वाचतात. खेड्यांत ग्रामसभा आहे. गायरानाचा प्रश्न तिच्यापुढें नेहमीं येतो. अशा सामाईक जमिनींवरील अतिक्रमणें दूर करण्याची व्यवस्था सर्व राज्यांनीं करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २८ जानेवारी २०११ रोजीं दिलेला आहे.

शेवटीं स्वतःची एक गोष्ट सांगतों. ती सांगण्यास संकोच वाटतो, तथापि उपयोगी पडेल. कांहीं वर्षांपूर्वीं मीं गांवाच्या कडेस घरासाठीं जागा घेतली. विकणाऱ्यानें दाखविलेल्या नकाशावर सरळ रेषांचे सुरेख चौकोन होते. पायाभरणीच्या दिवशीं मेंढरें घेऊन जाणारा एक म्हातारा बांधाशीं थांबला व म्हणाला, "गुरुजी, ही ओघळ हाय. इथं पाणी येतंय." मीं हंसून त्यास चहा दिला. मी भूगोल शिकवितों, आणि तो निरक्षर! पांचव्या पावसाळ्यांत एका रात्रीं दोन फूट पाणी घरांत आलें. पुस्तकांचें खालचें फडताळ गेलें, त्यांत माझे जुने नकाशेही गेले. दुसऱ्या आठवड्यांत मीं भूमि-अभिलेख कार्यालयांतून गांवचा जुना नकाशा काढविला. त्यावर ती ओघळ निळ्या रेषेनें स्वच्छ काढलेली होती. माझ्या स्वयंपाकघराच्या मधून.

घर हलवितां येईना. मग ओळींतल्या आम्हीं पांच घरवाल्यांनीं बसून विचार केला, आणि मागील कुंपणाच्या भिंती पाडून प्रत्येकानें आठ-आठ फूट जागा सोडली. तेथें चर खणून तो खालच्या ओढ्यास नेऊन मिळविला. सहावे शेजारी अद्याप तयार नाहींत. त्यांच्या भिंतीजवळ चर अरुंद होतो, व मोठा पाऊस झाला कीं आम्हीं पांचहि जण कंदील-बॅटऱ्या घेऊन तेथें पाहावयास जातों.